आधी माणसाची क्षमा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



निरनिराळ्या धर्मांच्या सणांतून आपण काय घ्यावे, या विषयावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले. मी काही धर्मशास्त्राची अभ्यासक नव्हे. संसार करता करता जे पाहिले आणि थोडेफार जे वाचले, तेवढेच माझे भांडवल. 'सगळे धर्म सारखेच' असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. ज्याची त्याची उपासना वेगळी, आणि ती वेगळी असण्यात वाईट काहीच नाही. पण या वेगवेगळ्या वाटांवर एक पायरी मात्र मला पुन्हा पुन्हा आढळली. तिच्याविषयीच आज बोलते.

माझे बालपण अलिबागेस गेले. आमच्या शेजारी एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. कोकणातल्या या ज्यू मंडळींचा जुना धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. बोली आपलीच मराठी, आणि सणांची जुनी नावेही मराठीच : नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. त्यांचा सर्वांत गंभीर दिवस म्हणजे योम किप्पूर. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. अंगावर पांढरी वस्त्रे, तोंडी प्रार्थना. जुन्या चालीप्रमाणे त्या दिवशी घराची दारे लावून घेत व बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवीत नसत.

त्या घरातल्या आजींना मी एकदा विचारले, "आजी, एवढा कडक उपास केला की देव सगळी पापे धुऊन टाकतो का हो ?"

त्या म्हणाल्या, "देवाचे देव बघेल, बाळ. पण शेजारणीला मी वाईट बोलले असेन, तर ते देव कसे माफ करील ? त्यासाठी शेजारणीकडेच जायला हवे."

ही आजींच्या पदरची गोष्ट नव्हती. ज्यूंच्या मिश्ना नावाच्या प्राचीन ग्रंथात तसा नियमच आहे. देवाच्या अपराधाचे त्या दिवशी प्रायश्चित्त होते. माणसाच्या अपराधाचे मात्र त्या माणसाची समजूत काढल्यावाचून होत नाही. दुसऱ्या दिवसाला बेने इस्रायल लोक 'शिळा सण' म्हणत. त्या दिवशी दारे उघडायची, गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि स्नेह्यासोबत्यांना भेटायचे.

पुढे लग्न होऊन मी पुण्यास आले. आमच्या वाड्यात एक जैन बिऱ्हाड होते. पर्युषणाच्या अखेरीस, संवत्सरीला, त्या घरातल्या सासूबाई सुनेपुढेसुद्धा हात जोडून 'मिच्छा मि दुक्कडम्' म्हणत. माझ्या हातून घडलेले वाईट निष्फळ होवो, असा त्या प्राकृत शब्दांचा अर्थ. सासूने सुनेपुढे हात जोडलेले मी तेव्हा प्रथमच पाहिले ! येशू ख्रिस्तानेही डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपला बंधू आपल्यावर नाराज असल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी त्याच्याशी समेट करावा. रमजान ईदच्या नमाजापूर्वी फित्रा द्यावयाचा असतो, तोही गरिबाच्या घरी त्या दिवशी सण व्हावा म्हणून. देवाकडे जाणारी वाट अशी आधी माणसाच्या दारावरून जाते.

आता आपल्या संक्रांतीकडे वळते, आणि येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना लाज वाटते.

माझ्या थोरल्या जाऊबाई ऐन पस्तिशीत विधवा झाल्या. आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू मोठे होई. त्यांच्या हातचा गुळाचा पाक कधी बिघडत नसे, म्हणून तिळाचे लाडू त्याच वळीत. बायका येऊ लागल्या की त्या कोणी न सांगता स्वयंपाकघरात जात आणि दार ओढून घेत. 'आत जा' असे मी त्यांना कधी म्हटले नाही. पण 'बसा' असेही म्हटले नाही. अशी सोळा वर्षे गेली. साऱ्या आळीला मी 'गोड बोला' म्हणून सांगत होते !

एका संक्रांतीस ते दार ओढल्याचा आवाज आला, आणि का कोण जाणे, मला अलिबागच्या आजी आठवल्या. बायकांना तशाच सोडून मी आत गेले. वहिनींच्या हातावर लाडू ठेवला आणि म्हटले, "वहिनी, माझे चुकले. बाहेर चला."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इतकी वर्षे वळतेय ग, पण हातावर कुणी ठेवला नव्हता."

त्या वर्षी त्या बाहेर आल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्या. आपण क्षमा मागितली म्हणजे समोरच्याने ती त्याच क्षणी द्यावी, असा हक्क आपल्याला नाही, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने ठराव करून नवरा वारल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या चाली बंद केल्या. एक गाव हे करू शकते, तर आपले मंडळ का नाही ? आपल्या हळदीकुंकवाची बोलावणी आजही 'सौ.' लिहिलेल्या यादीवरून जातात. ती यादी बाजूला ठेवावी आणि पुढच्या संक्रांतीचे बोलावणे प्रत्येक सभासद भगिनीला जावे, अशी माझी सूचना आहे. ज्यांना आपण इतकी वर्षे वगळले, त्यांना मात्र चिठ्ठी पाठवू नये. दोघी-तिघींनी त्यांच्या घरी जावे, आधी 'आमचे चुकले' म्हणावे आणि मग बोलवावे. त्या पहिल्या वर्षी आल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा जावे.