आधी फोडणी, मग पाककृती



शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुलं घराबाहेर पडतात आणि महिन्याभरात डब्याला कंटाळतात. मग मोबाइलवर पनीरची नाही तर बिर्याणीची कृती शोधतात. पंचवीस जिन्नस जमवायचे, तीन तास खपायचं, आणि बिघडलं की स्वयंपाकाला रामराम! माझं सांगणं असं, की पदार्थ मागाहून. आधी फोडणी करणं, डाळ शिजवणं आणि भाजी वाफवणं ही तीन कामं हातात बसू द्या.

सुरुवात फोडणीपासून. छोट्या कढल्यात दोन चमचे तेल तापवा. त्यात मोहरीचे दोन दाणे टाकून बघा. ते तडतडले नाहीत तर थांबा. थंड तेलात पडलेली मोहरी कच्ची राहते आणि दाताखाली कडवट लागते. तेल तापलं की मोहरी घाला. तडतड ओसरत आली की जिरं, मग गॅस बारीक करून हिंग आणि कढीपत्ता. कढीपत्ता धुतल्यावर कोरडा पुसून घ्या, नाहीतर तेल अंगावर उडतं. शेवटी गॅस बंद करून हळद आणि तिखट, कारण तिखट क्षणात करपतं. आणि करपलंच, तर ती फोडणी सरळ टाकून द्या. दोन चमचे तेल वाचवायला जाल, तर पातेलंभर आमटी वाया जाईल.

आता डाळ. वाटीभर तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून कुकरच्या डब्यात लावा. तेलामुळे फेस कमी येतो. कुकरमध्ये वाफ कोंडते आणि तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी फक्त जास्तीची वाफ बाहेर सोडते, तेव्हा शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि दहा-बारा मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. घाईनं झाकण उघडायला जाऊ नका.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ मऊ शिजल्यावरच घालायचं. आंबटपणामुळे डाळ लवकर शिजत नाही. राजमा, चवळी, छोले यांनाही हाच नियम.

शिजलेली डाळ घोटून मीठ घातलं की वरण झालं. त्यातच फोडणी, गोडा मसाला, चिंच आणि गुळाचा खडा पडला की आमटी. तुमच्याकडे कांदा-लसूण मसाला असेल तर तो घाला. खानदेशी काळा मसाला असेल तर तोही चालेल. मसाला बदलला तरी पद्धत तीच राहते.

तिसरं काम भाजीचं. कोबी, फरसबी, दोडका फोडणीत परतून त्यावर ताटली झाका आणि ताटलीत थोडं पाणी ओता. आतली वाफ त्या गार ताटलीला लागून पुन्हा भाजीतच पडते. भाजी तळाला लागत नाही आणि वरून पाणीही फारसं घालावं लागत नाही. पालेभाजीला मात्र मीठ शेवटी घाला. कढईभर दिसणारा पाला आळून मूठभर होतो आणि अंदाज चुकला की भाजी खारट.

हाताला अंदाज येईपर्यंत वाटी आणि चमचा सोडू नका. ‘अंदाजानं घाल’ हा सल्ला रोज स्वयंपाक करणाऱ्यांचा असतो, शिकणाऱ्यांसाठी नाही. कमलाबाई ओगले यांचं १९७० साली आलेलं ‘रुचिरा’ घरोघरी पोचलं, ते त्यातल्या नेमक्या प्रमाणांमुळेच.

तेव्हा पुढचा आठवडाभर रोज नवा पदार्थ करू नका. वरण-भात आणि एक भाजी, एवढंच करा. आणि घरात मुलगा असो की मुलगी, दोघांनाही हे शिकवा.