अर्ध्या गोलाचा हिशोब

(कारंजा लाड येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



सट्ट्यावर बोलायला कोणी आलं की पहिल्याच मिनिटाला तो 'हराम आहे' म्हणतो, पोरं माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर फोन उघडतात. मीही माना डोलावणाऱ्यांतलाच होतो. म्हणून मनाई सांगण्यात आज वेळ घालवत नाही, ती तुम्हाला पाठ आहे. ही गोष्ट आतून कशी चालते तेवढं सांगतो. मी इंजिनिअर आहे, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आकडे हीच माझी रोजी. आणि याच आकड्यांत मी माझ्या मामेभावाला घेऊन बुडालो.

हॅंडिकॅप म्हणजे काय, हे आपल्याला गल्लीतच कळलेलं असतं. धावण्याच्या शर्यतीत लहान भावाला दहा पावलं पुढे उभं करायचो, तेव्हा कुठे शर्यतीत मजा यायची. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवतात, तेही तेच. फुटबॉलमध्ये हे वजन गोलांत मोजतात. २००२ च्या विश्वचषकात जर्मनीने सौदी अरेबियाला ८-० हरवलं. असल्या सामन्यात 'जर्मनी जिंकेल' म्हणून पैसे लावले तर मिळणार किती? शंभरावर चार-पाच रुपये. मग बुकी म्हणतो, जर्मनी उणे अडीच. म्हणजे जर्मनीच्या गोलांतून अडीच वजा करा आणि मग बघा कोण जिंकलं. जर्मनीने तीन गोलांनी जिंकलं तर तुम्ही जिंकलात, दोनने जिंकलं तर तुमचे पैसे गेले.

आता हा अर्धा कशाला? अर्धा गोल तर कोणी मारत नाही. पण फुटबॉलमध्ये निकाल तीन असतात: जय, पराजय, बरोबरी. अर्धा वजा केला की बरोबरी उरतच नाही, निकाल दोनच राहतात. आग्नेय आशियातल्या बुकींची ही पद्धत, म्हणून तिला एशियन हॅंडिकॅप म्हणतात. दोनच निकाल आणि दोन्हीकडे जवळपास सारखाच भाव, त्यामुळे डोक्यात लगेच नाण्याची छाप-काटा येते. 'पन्नास-पन्नास तर आहे,' असं वाटतं.

पन्नास-पन्नास ते नसतंच. साधारण भाव असतो १.९०. म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात तर तुमचे शंभर धरून १९० परत. आता दोघे जण समोरासमोर शंभर-शंभर लावतात. बुकीकडे आले २००, जिंकणाऱ्याला गेले १९०, दहा त्याच्या खिशात. सामना कोणीही जिंको. दोनशेवर दहा म्हणजे पाच टक्के, आणि हे पाच टक्के दर पैजेला कापले जातात. रोज पाचशेच्या दोन पैजा, वर्षातले ३०० दिवस, असं धरा. तुम्ही फिरवले तीन लाख. सरासरीने त्यातले पंधरा हजार बुकीचे. नुसतं बरोबरीत राहायचं म्हटलं तरी १०० पैकी जवळपास ५३ वेळा तुमचा अंदाज बरोबर यायला हवा.

मग येतो पाव गोल, आणि खरी कारागिरी इथे आहे. उणे पाऊण, म्हणजे ०.७५, असा हॅंडिकॅप असेल तर तुमचे हजार रुपये गुपचूप दोन भागांत जातात: पाचशे उणे अर्ध्यावर, पाचशे उणे एकावर. संघ एकाच गोलाने जिंकला तर पहिले पाचशे जिंकून ९५० होतात, दुसरे पाचशे जसेच्या तसे परत. हातात १,४५०. उणे पाव घेतला आणि सामना बरोबरीत सुटला तर पाचशे परत येतात, पाचशे जातात. पाचशे गेलेल्या माणसाला त्या रात्री वाटतं, 'निम्मे तर वाचले!' आम्ही सॉफ्टवेअरवाले स्क्रीन बनवताना हिरवा रंग कुठे द्यायचा याचा बराच विचार करतो. परत आलेल्या पाचशेच्या पुढे हिरवा रंग असतो.

आणखी एक बारीक अट आहे, बहुतेकांना ती हरल्यावर कळते. हॅंडिकॅपचा निकाल नव्वद मिनिटं आणि भरपाईचा वेळ यावर लागतो. जादा वेळ आणि पेनल्टी धरत नाहीत. १८ डिसेंबर २०२२ चा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. अर्जेंटिना-फ्रान्स, नव्वद मिनिटांना २-२. पुढे ३-३ झाले, आणि पेनल्टीवर मेस्सीने कप उचलला. ज्याने अर्जेंटिना उणे अर्धा घेतला होता, त्याचा संघ जगज्जेता झाला आणि पैसे बुडाले. त्याच स्पर्धेत २२ नोव्हेंबरला सौदीने याच अर्जेंटिनाला २-१ हरवलं होतं. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली, आणि मिठाई खाणाऱ्या काहींनी अर्जेंटिनावर पैसे लावले होते, हेही मला माहीत आहे.

आता माझं सांगतो. मी एक प्रोग्राम लिहिला. गेल्या काही हंगामांचे गोल, घरचं मैदान, बाहेरचं मैदान, पॉइसाँचं सूत्र, सगळं घातलं. कोणता हॅंडिकॅप स्वस्त मिळतोय ते तो सांगायचा. पहिल्या ६० पैजांपैकी ३३ बरोबर आल्या. पंचावन्न टक्के! मला वाटलं, हा जुगारच नाही, हे गणित आहे. कॉलेजात संख्याशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवला होता, तरी एक साधी गोष्ट मला सुचली नाही. नाणं ६० वेळा उडवा, ३३ किंवा त्याहून जास्त छापे चारातून एकदा तरी येतातच. माझ्यासारखे चार हुशार बसले असते तर त्यातल्या एकाचा प्रोग्राम 'चालला' असता. तो एक मी होतो, इतकंच. आणि ज्या भावाविरुद्ध मी खेळत होतो तो ठरवणाऱ्यांकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती आणि जास्त मोठी मशिनं होती.

पुढच्या दोनशे पैजांत माझे जिंकलेले गेले, वर पगारातले गेले. मी थांबलो. पगार होता म्हणून थांबता आलं.

मामेभाऊ रिसोडकडे राहतो. घरची सोयाबीन आणि तूर. सुरुवातीला तो मला मेसेज करायचा, 'भाईजान, तुमचा प्रोग्राम आज काय म्हणतो?' मी मोठेपणाने सांगायचो. मी थांबलो तेव्हा तो थांबला नाही, कारण तोवर त्याला माझी गरज उरली नव्हती. टेलिग्रामवर सल्ले देणारे होते. चार सामन्यांची साखळी लावायला तो त्यांच्याकडूनच शिकला. १.९० चा भाव चारदा गुणला की १३ होतात, शंभराचे तेराशे. पोराला तेराशे दिसतात. पण चारही बरोबर येण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे खरा भाव सोळाशे हवा. पाच टक्क्यांचे तिथे साडेअठरा होतात. युरोपचे मोठे सामने थंडीत आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू होतात, घर झोपलेलं असतं. सोयाबीन विकून खात्यात आलेले पैसे एका हिवाळ्यात गेले, मग कर्ज देणारे ॲप, मग गावातला सावकार. एकूण पावणेदोन लाख.

आपल्या भागाला हा खेळ नवा नाही. कापूस आपण पिकवतो, आणि मुंबईत मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-बंद होत्या भावांच्या आकड्यांवर. पुढे ते भाव गेले आणि चिठ्ठ्या टाकलेलं मडकं आलं. शेतकऱ्याच्या कापसाला भाव मिळो न मिळो, त्याच्या आकड्यावर कोणीतरी पोट भरलं.

कुराणात ज्याला मैसिर म्हटलंय तो अरबांचा बाणांचा खेळ होता. उंटाच्या मांसाचे वाटे त्यावर ठरायचे आणि जिंकणारा ते गरिबांना द्यायचा, दानशूर म्हणवायचा. त्यात लोकांचा काही फायदा आहे हे मान्य करून नुकसान त्याहून मोठं आहे असं तिथे सांगितलंय. मला तो हिशोब इंजिनिअर म्हणून पटतो: जमा मांडली, खर्चही मांडला.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. घोड्यांच्या शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि तेव्हापासून प्रत्येक ॲप 'आमचंही कौशल्यच' म्हणत आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवण्यावर बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, म्हणून फसलेल्याने घरी सांगायला घाबरू नये. पण स्वतःचं बँक खातं कोणाला 'वापरायला' देऊ नका. महिन्याला दोन-पाच हजार मिळतात म्हणून पोरं देतात, आणि पोलीस त्या खात्यावरच्या नावालाच शोधत येतात. रात्री जीव घाबरा होत असेल तर टेलीमानसचा नंबर १४४१६, मराठीतही बोलतात.

सावकाराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला मी अर्धा भरतो, तो अर्धा. मामूंना सगळं माहीत आहे. मामींना फक्त एवढंच माहीत आहे की मुलगा मोबाइलमुळे बिघडला आणि पुण्याच्या भाच्याने त्याला सावरलं. मी गेलो की त्या मला सगळ्यात आधी वाढतात. पहिला सामना मीच सांगितला होता, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. हे भाषण छापायला द्या म्हणून निरोप आला तेव्हा मी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मामींना वाचता येत नाही, पण त्यांची नात नववीत आहे आणि ती मोबाइलवर आलेलं सगळं त्यांना वाचून दाखवते.