मलबार हिलवरची मोटार



‘इतिहासातील नवलकथा’ असा विषय मिळाला म्हणजे वक्त्याने आपला पेटारा उघडावा, एकेक चीज काढून दाखवावी आणि श्रोत्यांनी तोंडात बोट घालावे, असा प्रघात पडला आहे. तो मोह मी आज आवरणार आहे. मी एकच हकीकत सांगतो. इतिहास, गुन्हा, धर्म आणि सिनेमा ही चारही बिऱ्हाडे तिच्यात एका छपराखाली नांदतात.

तारीख 12 जानेवारी 1925. मुंबईत मलबार हिलच्या रस्त्याने संध्याकाळच्या वेळी एक मोटार चालली होती. आत अब्दुल कादर बावला हे तरुण आणि धनाढ्य व्यापारी होते, आणि त्यांच्याबरोबर मुमताज बेगम होती. मागून दुसरी मोटार आली, तिने धडक दिली, आणि तीतून उतरलेल्या माणसांनी बावलांवर गोळ्या झाडल्या. मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न झाला, तिच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. इतक्यात काही इंग्रज लष्करी अधिकारी गॉल्फ खेळून परतत असताना नेमके तेथे येऊन ठेपले. त्यांतल्या लेफ्टनंट सेगर्ट यांनी हातातल्या गॉल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपले. स्वतः गोळ्या खाल्ल्या, पण बाईला त्यांच्या हाती जाऊ दिले नाही. काही हल्लेखोर जागीच सापडले. बावला मात्र वाचले नाहीत.

ही मुमताज कोण? इंदूरच्या दरबारातली कलावंतीण. महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या मर्जीतली. बरीच वर्षे ती तेथे राहिली. पुढे मसुरीला नेत असता दिल्लीला पोहोचल्यावर तिने सांगितले, ‘मी पुढे येणार नाही.’ कारण तिने नंतर न्यायालयात सांगितले. आपल्याला इंदुरात मुलगी झाली आणि दायांनी ती मारली, असा तिचा आरोप होता. अमृतसर, मग मुंबई, असा प्रवास करीत ती बावलांच्या आश्रयाला आली होती.

मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे खटला उभा राहिला. नऊ आरोपी. त्यांतले एक, आनंदराव फणसे, इंदूरच्या लष्करातले अधिकारी. त्यांचे वकीलपत्र कोणी घेतले होते म्हणता? बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी! कलकत्त्याचे जे. एम. सेनगुप्ता हेही बचावासाठी आले होते. तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. फणसे यांना जन्मठेप झाली.

हल्ल्याचा हुकूम कोणाचा, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही, आणि म्हणून मीही येथे कोणावर बोट ठेवीत नाही. परंतु आरोपींची इंदूर दरबाराशी असलेली जवळीक झाकण्यासारखी नव्हती. हिंदुस्थान सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. 1926 च्या फेब्रुवारीत त्यांनी गादी सोडली आणि चौकशी टळली. पुत्र यशवंतराव गादीवर आले. त्यांचे आजोबा शिवाजीराव यांनीही 1903 साली अशीच गादी सोडली होती. लागोपाठ दोन पिढ्या!

आता कोणी म्हणेल, पाहा, इंग्रजांचा न्याय कसा राजालाही सोडीत नाही. मंडळी, जरा थांबा. गुन्हा घडला तो मुंबईत, म्हणजे खालसा मुलखात. जखमी झाला तो गोरा अधिकारी. हीच गोष्ट संस्थानच्या हद्दीत घडती, तर तिचा साधा कागद तरी झाला असता काय? न्यायाचे चाक फिरले हे खरे, पण ते फिरायला एका मोटारीने वेळेवर यावे लागले, हेही तितकेच खरे.

सिनेमावाल्यांनी वाट पाहिली नाही. त्याच 1925 साली कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा मूकपट याच प्रकरणावर बेतून काढला. वर्तमानपत्रात काल वाचलेले प्रकरण आज पडद्यावर पाहायचे, ही आपली हौस वाटते तितकी नवी नाही!

हा झाला पूर्वरंग. उत्तररंग नाशिकचा आहे.

गादी सोडलेले तुकोजीराव युरोपात गेले असता तेथे त्यांची गाठ नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी पडली. विवाह ठरला. पण वधू ख्रिस्ती. तेव्हा 1928 च्या मार्चमध्ये नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिची शुद्धी करून तिला हिंदू धर्मात घेतले. नाव ठेवले शर्मिष्ठादेवी. होळकर धनगर, म्हणून एका धनगर घराण्याने तिला कन्या मानले, आणि त्याच महिन्यात बडवाह येथे लग्न लागले. विरोध झाला, गदारोळ झाला, तरी मुहूर्त टळला नाही. बाईंविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी धर्म निष्ठेने पाळला, संसार केला. एका धर्मपीठाने परक्या मुलीला जवळ घेतले, ही गोष्टही चांगलीच झाली.

परंतु त्याच नाशिकला, बरोबर दोन वर्षांनी, 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे काळाराम मंदिराच्या दाराशी उभी राहिली. ती जन्माने हिंदू होती. त्यांना शुद्धी नको होती, नवे नाव नको होते, फक्त देवाचे दर्शन हवे होते. दार उघडले नाही. सत्याग्रह 1935 पर्यंत चालला, तरी उघडले नाही. सातासमुद्रापलीकडच्या मुलीसाठी शास्त्रात वाट सापडली, आणि गावाबाहेरच्या माणसासाठी ती सापडेना! राजाची गरज असली म्हणजे शास्त्राची पाने भराभर उलटतात, गरिबाची असली म्हणजे ती एकमेकांना चिकटून बसतात. बंधुभगिनींनो, मला या साऱ्या प्रकरणात नवल वाटते ते येथे.

आणि मुमताज? या प्रकरणाची आठवण निघाली की गॉल्फच्या काठ्या निघतात, जीनांचे नाव निघते, महाराजांचे ऐश्वर्य निघते. राजाला दुसरा संसार मिळाला, समाजाने तो हळूहळू पचवला. तिच्या वाट्याला चेहऱ्यावरचे व्रण आणि लोकांच्या चवीच्या गप्पा आल्या. तिच्या पाठीशी जात नव्हती, पीठ नव्हते, संस्थान नव्हते. आश्रय देणारा माणूस डोळ्यांदेखत मारला गेला होता. तरीही ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि बोलली. तिच्या त्या ‘नाही’पासून जे सुरू झाले, ते एका राजाच्या गादीपर्यंत जाऊन पोहोचले. इतिहासाच्या पुस्तकात राजाचे गादी सोडणे एका ओळीत असते, आणि त्या ओळीत या बाईचे नाव बहुधा नसते.

शंभर वर्षे उलटून गेली. अशी प्रकरणे आजही घडतात, आणि आपण ती चवीने वाचतो, चवीने पाहतो. वाचावीत. मनुष्यस्वभावच आहे तो. माझे मागणे एवढेच, की पुढच्या वेळी असे प्रकरण हाती आले तर आधी विचारावे, यात ‘नाही’ कोण म्हणाले, आणि त्याची किंमत कोणी मोजली?