फाइल आहे, पण उघडत नाही

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. रंग का आला ते कळले. पण तो नेमका कसा होता? माझ्याकडे आलेल्या फोटोंत कुठे तो फिका होता, तर कुठे डाळिंबाच्या दाण्यासारखा!

अशा वेळी कामाला येते ती रॉ फाइल. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बहुधा लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बारीक जाळी असते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा उजेड मोजतो. ही मोजदाद तशीच राखून ठेवली तर ती रॉ. कॅमेऱ्याने स्वतः रंग ठरवून छोटी करून दिली तर जेपेग. जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेग म्हणजे वाढलेले ताट आणि रॉ म्हणजे शिधा.

अडचण अशी की हा शिधा प्रत्येक कंपनी आपापल्या डब्यात भरते. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. कॅननची सीआर२ होती. २०१८ मध्ये ईओएस एम५० या कॅमेऱ्याबरोबर सीआर३ आली. डब्याचे नाव तेच राहिले, तरी नव्या मॉडेलची आतली मांडणी सॉफ्टवेअरला नव्याने शिकवावी लागते.

माझा भाचा मेहकरकडे लग्नाचे फोटो काढतो. त्याने कर्ज काढून नवा कॅमेरा घेतला. पहिलेच काम एका निकाहचे. रात्री त्याचा फोन आला, “मामू, फाइल दिसते, पण उघडत नाही. आता त्यांना काय सांगू?” त्याचे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या आधीचे. नवे घ्यावे तर ते जुन्या कॉम्प्युटरवर चालेना, आणि भाडे दरमहा. कॅमेऱ्याचा हप्ता सुरू व्हायच्या आत दुसरा खर्च दारात उभा!

सुदैवाने वाट होती. कॅमेरा कंपन्या बहुधा आपले रॉ उघडणारे सॉफ्टवेअर फुकट देतात. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये डीएनजी नावाचा रॉचा खुला नमुना जाहीर केला. त्यात फाइल बदलून देणारे साधनही फुकट आहे. ते मात्र नवे हवे. भाच्याने मित्राच्या कॉम्प्युटरवर फाइली बदलून आणल्या आणि त्या त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरने उघडल्या. डार्कटेबल, रॉथेरपी ही मोफत सॉफ्टवेअरही आहेत. डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने १९९७ पासून एकट्याने ‘डीसीरॉ’ लिहून शेकडो कॅमेऱ्यांच्या फाइली वाचत्या केल्या, तेही पदरमोड करून घेणाऱ्याच्या चिकाटीने.

मी कवी माणूस. मला यात मोडी लिपी आठवते. कित्येक घरांत मोडी कागदांची बोचकी आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा मात्र शोधावा लागतो. जुन्या मराठी फॉन्टमधल्या कविता नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अशीच अगम्य अक्षरे दिसतात. जपून ठेवणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून कॅमेरा घेण्याआधी त्या मॉडेलची रॉ आपले सॉफ्टवेअर उघडते का, हे दुकानातच विचारा. जमल्यास तिथेच एक फोटो काढून फाइल घरी नेऊन पाहा. पहिले काही महिने रॉबरोबर जेपेगही घ्या. मूळ रॉ पुसू नका. तिच्याशेजारी डीएनजी प्रत ठेवा. आणि लग्नाचा अल्बम कागदावर जरूर छापा. तो उघडायला अजून तरी कुठलेच सॉफ्टवेअर लागत नाही.