दुधाच्या दाताची मुळे आणि जंतुनाशक भरण

पाच वर्षांचे मूल मध्यरात्री दाढेच्या ठणक्याने रडत उठते. पानिपतनजीकच्या काला अंबच्या परिसरातील घर असो वा कोकणातील, वडीलधारी मंडळी लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरावयास सांगतात. आणि सकाळी म्हणतात, ‘दुधाचाच तर दात! पडायचाच आहे, काढून टाका.’ ह्यांतील पहिल्या उपायास काही आधार आहे. दुसरा निर्णय मात्र पुष्कळदा घाईचा ठरतो.

दुधाचे दात एकूण 20 असतात. त्यांतील दुसरी दाढ वयाच्या 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहावयाची असते. तिच्यामागे सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. पुढची दाढ अकाली काढली, तर ही नवी दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दातासाठी राखलेली जागा बुजते. अनेक मुलांचे दात वेडेवाकडे येण्याचे एक कारण हे होय.

म्हणून आतील गर कुजला असला, तरी मुळे शाबूत असल्यास दंतवैद्य दाढ राखू पाहतो. गर काढून मुळांतील नलिका जंतुनाशक द्रावणाने धुतल्या जातात व मग भरल्या जातात. परंतु ह्या नलिका बारीक, वाकड्या व फाटे फुटलेल्या असतात. तेथील प्रत्येक कोपऱ्यात हत्यार पोहोचत नाही. हे उरलेले काम भरणानेच करावयाचे असते. म्हणूनच ते जंतुनाशक असावे लागते.

मोठ्या माणसाच्या दातातील भरण जन्मभर टिकावे, अशी अपेक्षा असते. दुधाच्या दाताचे तसे नाही. कायमचा दात वर येऊ लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते. भरणानेही त्याच गतीने विरघळावे, आणि खालच्या कोवळ्या अंकुरास इजा करू नये. जंतूंना मारणारे, पण बालकाच्या ऊतींना सोसणारे द्रव्य सापडणे कठीण आहे.

सर्वांत जुने व परिचित भरण झिंक ऑक्साइड व युजेनॉल ह्यांचे. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचाच मुख्य घटक होय. हे मिश्रण जंतूंना आवरते. पण ते मुळापेक्षा सावकाश विरघळते. त्याचे कण कधी हिरडीखाली राहतात, तर कधी नव्या दाताची वाट बदलते.

आयोडोफॉर्मचा दोष उलट आहे. 1822 मध्ये सेरुलास ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तयार केलेले हे पिवळे, उग्र वासाचे द्रव्य मुळाबाहेर गेले तरी शरीर ते शोषून घेते. परंतु मूळ शिल्लक असतानाच नलिका रिकामी होण्याचा संभव असतो. त्याच्या जोडीला पुष्कळदा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते. म्हणजे विड्याला लावतात तो विरलेला चुनाच. त्याच्या तीव्र क्षारतेत बहुतेक जंतू तग धरीत नाहीत. अर्थात घरातील चुना दाढेत भरणे घातकच. त्याने तोंड भाजते. ह्या तिन्ही द्रव्यांना एकत्र करणारी मिश्रणेही आता वापरात आहेत.

मुळे झिजू लागली असतील, तर आणखी एक मार्ग आहे. जपानमधील निगाता विद्यापीठातील संशोधकांनी तीन प्रतिजैविकांचा लेप वापरण्याची पद्धती रूढ केली. तीत नलिका न कोरता औषध आत ठेवतात. मात्र त्यांतील मिनोसायक्लीनने दात काळवंडतो, म्हणून आता ते टाळण्याकडे कल आहे. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढण्याची भीती तर आहेच.

सारांश, सर्व अटी पुरविणारे भरण अद्याप नाही. निवड करताना मूल किती वर्षांचे, मुळे किती उरली आणि आयोडीन त्यास मानवते की नाही, हे पाहावे लागते. तेव्हा पालकांनी दंतवैद्यास ‘हा दात पडणारच ना?’ असे विचारण्याऐवजी ‘हा दात पडण्यास अजून किती वर्षे आहेत?’ असे विचारावे. उपचाराचा निर्णय त्या उत्तरावरच अवलंबून असतो.