लेखनाची साधने व शाळेतील नोंद



शुक्रवारी तलावाकडून गांधी गेटमधून आत शिरले की नागपूरचा महाल हा जुना भाग लागतो. भोसल्यांच्या राजवाड्यावरून त्यास हे नाव पडले. याच भागात चिटणीस पार्क नावाचे मैदान आहे. तेथे खेळणाऱ्या एखाद्या मुलास ‘चिटणीस’ म्हणजे काय असे विचारले, तर ते कोणाचे तरी आडनाव असावे असे तो सांगेल. त्याचे उत्तर चूक नाही. परंतु आडनाव होण्यापूर्वी ते एका कामाचे नाव होते. राजाचा पत्रव्यवहार ज्याच्या हातून होई तो चिटणीस. शब्दाच्या शेवटी जो ‘नीस’ आहे तो फारसी ‘नवीस’ होय, आणि त्याचा अर्थ लिहिणारा असा आहे. नागपूरकडे ‘चिटणवीस’ हे रूपही राहिले. त्यात तो मूळ शब्द अधिक स्पष्ट दिसतो. ज्या वस्तीत राजवाडा होता, त्या वस्तीत लेखणीस केवढे स्थान होते, हे त्या एका नावावरून ध्यानात येते.

जिल्हा परिषदेच्या शाळा महालात नाहीत. त्या काटोल, रामटेक, उमरेड, कुही, भिवापूर अशा तालुक्यांतील गावांत आहेत. तरीही महालातील या नावापासून विषयाचा आरंभ करणे अप्रस्तुत ठरू नये. गावात जन्मलेल्या मुलाचे नाव, जन्मदिनांक, आईबापांची नावे व जात यांची नोंद शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात करणारा मुख्याध्यापक हा एका अर्थाने त्या गावाचा चिटणीसच असतो. चिटणिसाच्या हातातील साधन गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलले. त्याची जबाबदारी बदलली काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

भोसल्यांच्या दप्तरातील कारकुनापाशी बोरू, दौत, कागद आणि शाई टिपण्यासाठी बारीक वाळू, एवढीच काय ती साधने असत. बोरूची कांडी चाकूने तिरपी कापावयाची, टोकास चीर द्यावयाची, आणि काजळी व डिंक यांच्या शाईत बुडवून लिहावयाचे. लिपी मोडी. आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि हात शक्य तो न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडीत जावयाचे, अशी या लिपीची रीत होती. रोज शेकडो पत्रे लिहिणाऱ्या दप्तरास गतीची गरज होती आणि मोडीने ती गती दिली. परंतु त्या गतीचे मोल कोणीतरी चुकवीत होते. ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोडीत बहुधा पाळला जात नसे, आणि घाईने लिहिलेली दोन अक्षरे एकमेकांसारखी दिसू लागत. लिहिणाऱ्याचा जो वेळ वाचला, तो वाचणाऱ्यास द्यावा लागे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातील जुनी दप्तरे तपासावयास घेतली, तेव्हा मोडी वाचणाऱ्या जाणकारांची गरज भासली. म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी वाचविलेल्या वेळाचे देणे अजूनही फेडले जात आहे.

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले निधन पावले आणि पुढल्या वर्षी इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. कचेऱ्यांतून इंग्रजीचा व्यवहार सुरू झाला आणि पुढे तिच्यामागोमाग टंकलेखनयंत्र आले. हे यंत्र मुळात इंग्रजी अक्षरांसाठी घडविलेले होते. त्या भाषेस सव्वीस अक्षरे पुरतात. देवनागरीस स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असा मोठा संसार आहे. यंत्राच्या कळा मात्र पन्नासाच्या आत. एका कळेवर दोन चिन्हे धरली, तरी सारी लिपी शंभराच्या आत बसवावयाची होती. यावर तोड अशी निघाली की, अक्षराचा अर्धा भाग एका कळेवर ठेवावा आणि काना दुसऱ्या कळेवर. दोहोंच्या जोडणीने ‘ग’, ‘ण’, ‘श’ अशी पूर्ण अक्षरे व्हावीत. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ मागाहून उमटवावा लागे, कारण यंत्रास उच्चार ठाऊक नव्हता, कागदावरील जागा तेवढी ठाऊक होती. माणसाने यंत्राची चाल शिकून घेतली.

मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात बनविलेले टंकलेखनयंत्र बाजारात आणले. विदर्भ महाराष्ट्रात आल्यानंतर १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला, आणि शासनाच्या कामकाजात मराठी टंकलेखनास महत्त्व आले. मराठीची मिनिटास तीस शब्द व इंग्रजीची चाळीस शब्द ही गती अनेक तरुणतरुणींच्या उपजीविकेचा आधार झाली. सायंकाळी टंकलेखनाच्या वर्गावरून जाणाऱ्यास आतील टकटक दूरवरून ऐकू येई. २००९ साली गोदरेजने या यंत्रांचे उत्पादन थांबविले. शासनमान्य टंकलेखनाची परीक्षा आता संगणकावर होते.

त्या यंत्राच्या काळातील एक गोष्ट मात्र विसरण्याजोगी नाही. तेव्हा चूक महाग होती. कार्बन कागद घालून चार प्रती काढल्या असतील, तर एका अक्षराची चूक चारही प्रतींवर खोडून दुरुस्त करावी लागे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसाठी सायक्लोस्टाईलचे मेणकागद तयार करताना चूक झाली, तर तांबडे द्रावण लावून, ते वाळवून, पुन्हा त्याच जागी अक्षर उमटवावे लागे. एवढा त्रास टाळण्यासाठी टंकलेखक कळ दाबण्यापूर्वी मजकूर वाचून घेई. ही काळजी त्याच्या स्वभावात होतीच असे नव्हे. ती साधनानेच त्याला लाविली होती.

संगणकाने हा त्रास दूर केला, आणि ते उत्तमच झाले. आरंभी निरनिराळ्या टंकांची अडचण होती. एका यंत्रावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले की अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक ठरल्यामुळे, युनिकोडचा वापर वाढत गेला तशी ही अडचण ओसरत गेली. इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘कि’ लिहिताना आता ‘क’ आधी आणि वेलांटी मागाहून, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने येते. येथे यंत्राने माणसाची चाल शिकून घेतली. २०१४ साली मोडीसही युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०१५ साली राज्यात ‘सरल’ ही प्रणाली सुरू झाली. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्याची माहिती तिच्या द्वारे पाठविता येऊ लागली. २०१७ साली आलेल्या ‘दीक्षा’मुळे पाठ्यपुस्तकातील चिन्हावर भ्रमणध्वनी धरला की पाठाची जोड सामग्री दिसते. दूरच्या खेड्यातील एकशिक्षकी शाळेस हे साहाय्य लहान नाही.

परंतु चूक दुरुस्त करणे स्वस्त झाले, तशी चूक करणेही स्वस्त झाले. मागाहून दुरुस्त करता येईल या भरवशावर मजकूर वाचून पाहण्याची सवय सुटते. आणि ही चूक चार प्रतींपुरती राहत नाही. एका ठिकाणी भरलेले नाव दुसऱ्या याद्यांत, शिष्यवृत्तीच्या अर्जात आणि दाखल्यावर आपोआप उतरते. मुलीचे नाव दीपिका. मराठीत ते एकाच रीतीने लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र त्यातील दीर्घ ईकारासाठी कोणी ‘आय’ लिहितो, तर कोणी दोन वेळा ‘ई’. आधारपत्रावर एक रूप आणि शाळेच्या यादीत दुसरे असले, की यंत्र त्या दोन निराळ्या मुली समजते. आई सांगते ही माझीच मुलगी, गुरुजी सांगतात ही माझीच विद्यार्थिनी. पण अर्ज मात्र परत येतो. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २०१० साली पहिले आधारपत्र दिले गेले. तेव्हापासून ओळखीचा व्यवहार जसजसा यंत्राकडे गेला, तसतसे एका वेलांटीचे वजन वाढत गेले.

शाळेतील नोंदीचे वजन किती, हे ज्या कुटुंबांस जात पडताळणीसाठी जावे लागते त्यांना विचारावे. २००० सालच्या अधिनियमान्वये होणाऱ्या या पडताळणीत वास्तव्याचा व जातीचा जुना पुरावा पाहतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा कागद विशेष महत्त्वाचा मानला जातो. ज्या घरात जमिनीचा सातबारा नव्हता, खरेदीखत नव्हते, त्या घराचा असा कागद बहुधा एकच असतो: आजोबा चार इयत्ता ज्या शाळेत शिकले, त्या शाळेचे दाखल-खारीज पुस्तक.

अशा एखाद्या पुस्तकाचे जीर्ण पान डोळ्यांपुढे आणावे. १९४८ साली कोणी एका गुरुजींनी टाक दौतीत बुडवून ती ओळ लिहिली. समोर उभा असलेला बाप निरक्षर असेल. त्याने सांगितले ते गुरुजींनी ऐकले, पुन्हा विचारले आणि लिहिले. त्या ओळीवर सत्तरपंचाहत्तर वर्षांनी एका नातीचा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश अवलंबून राहील, असे त्या गुरुजींच्या स्वप्नीही आले नसेल. ज्यांनी ती ओळ सावकाश व स्वच्छ लिहिली, त्यांचे नावही त्या नातीस ठाऊक नाही. पण तिच्या आयुष्यात त्यांचा वाटा आहे. आणि जेथे घाईने जातीचा रकाना कोरा राहिला, किंवा नाव भलतेच उतरले, तेथे दुसऱ्या एका नातीस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. दोन्ही गुरुजींच्या हातात साधन एकच होते.

यावरून जुने दिवस चांगले होते असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. जुन्या दिवसांत अनेक मुलींची नावे पुस्तकात येतच नव्हती. येथे सांगावयाचे ते इतकेच की, साधन हाताचे श्रम वाचविते, त्याबरोबर येणारी काळजी मात्र वाचवीत नाही; ती फक्त जागा बदलते. बोरूच्या काळी काळजी अक्षराच्या वळणात होती, टंकलेखनाच्या काळी ती कळ दाबण्यापूर्वीच्या क्षणात होती, आणि आज ती माहिती ‘जतन’ करण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात आहे. ते अर्धे मिनिट ज्याने गमावले, त्याचा पुढे अर्धा दिवस जातो. आणि तो पालकाचा गेला, तर अर्ध्या दिवसाची मजुरीही जाते.

दुसरी बाजू वेळेची आहे, आणि ती शिक्षकांच्या मनात सर्वांत आधी येते. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात निदान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसास सरासरी चार तास. वर्ग चालू असता माहिती पाठविण्यासाठी दिवसाची केवळ दहा मिनिटे खर्ची पडली, तर २०० दिवसांची ती २,००० मिनिटे, म्हणजे तेहतीस तासांहून अधिक होतात. हे आठ दिवसांचे संपूर्ण अध्यापन होय. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शैक्षणिकेतर कामांस शिक्षकांस लावू नये असे सांगितले आहे. यादी भरणे हे शैक्षणिक काम की शैक्षणिकेतर, हा वाद चालत राहील. पण फळ्यासमोर बसलेल्या मुलाच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. गुरुजींचे डोळे त्याच्या पाटीवर आहेत की हातातील यंत्रावर, एवढेच त्यास दिसते. ज्या माहितीची मागणी एकदा झाली, तीच पुन्हा निराळ्या तक्त्यात मागविली जाऊ नये, ही अपेक्षा मागणाऱ्या कचेरीनेही ध्यानी घ्यावयास हवी. यंत्र माहिती साठवू शकते, तर ती दोनदा विचारण्याचे प्रयोजन उरत नाही.

शाळेच्या हाती जे आहे, ते मात्र शाळेने करावे. प्रवेशाच्या दिवशी नोंद पुस्तकात शाईने व स्वच्छ अक्षरात करावी. यंत्रात भरताना ती पुस्तकातून पाहून भरावी, स्मरणातून नव्हे. भरलेली माहिती कायम करण्यापूर्वी ती आईस किंवा बापास मोठ्याने वाचून दाखवावी. निरक्षर पालकांसाठी तर ही एकच तपासणी असते. नावाचे रोमन रूप जन्मदाखल्याशी व आधारपत्राशी ताडून पाहावे, आणि भिन्नता आढळली तर मूल पहिलीत असतानाच पालकांस सांगावे, दहावीत गेल्यावर नव्हे. जुनी दाखल-खारीज पुस्तके वाळवी व ओल यांपासून जपावीत. त्यांची छायाचित्रे काढून ठेविली, तरी मूळ पान टाकून देऊ नये. हे काम मुले घरी गेल्यानंतरच्या वेळात, आठवड्यातील एक वार ठरवून केले, तर रोजची दहा मिनिटे वर्गास परत मिळतील.

१ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही लिहावयाचे, असा राज्यशासनाचा निर्णय आहे. ती मुले २०३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात येतील. त्या वेळी शाळेत कोणते यंत्र असेल, हे आज सांगता येणार नाही. परंतु मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने ते नाव कोणीतरी ऐकून, समजून, तपासून लिहावे लागेल. महालातील चिटणिसांचे दप्तर गेले, बोरू गेला, टंकलेखनयंत्रही गेले. नाव सांगण्यास मुलाचा हात धरून उंबरठ्याशी उभी राहिलेली आई तेवढी राहिली आहे. तिने सांगितलेले जसेच्या तसे कागदावर उतरले, तर नव्या साधनाचे सार्थक झाले असे समजावे.