अकलोलीचीं उन्हाळीं

मुंबईच्या नळांना ज्या सात तलावांचें पाणी येतें, त्यांपैकीं एक तानसा होय. या नदीवरील धरण १८९२ सालीं पुरें झालें. धरणाखालीं उरलेली नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन वैतरणेला मिळते आणि या वाटेवर, भिवंडी तालुक्यांत, वज्रेश्वरीपासून अगदीं थोड्या अंतरावर अकलोली हें खेडें लागतें. तेथें नदीच्या कांठीं जमिनींतून ऊन पाणी वर येतें. अशा झऱ्याला कोंकणांत ‘उन्हाळें’ असा जुना आणि नेमका शब्द आहे. राजापुराजवळील उन्हाळें, दापोलीकडील उन्हवरें, पालीजवळील उन्हेरें, हीं गांवांचीं नांवें त्याच शब्दाचीं भावंडें. असा शब्द घरांत असतां ‘गरम पाण्याचे झरे’ अशी लांबलचक पाटी लावण्याचें वास्तविक कारण नव्हतें.

गुहा आणि झरे पाहण्याच्या हौसेनें जे प्रवासी जगभर हिंडतात, त्यांचा ओढा बहुधा चुनखडीच्या प्रदेशाकडे असतो. स्लोव्हेनिया आणि इटली यांच्या सीमेवर ‘क्रास’ नांवाचें एक पठार आहे. जर्मन भाषेंत त्याचें ‘कार्स्ट’ झालें आणि पुढें तशा सर्वच भूमीला शास्त्रज्ञांनीं तेंच नांव दिलें. पावसाचें पाणी हवेंतला आणि मातींतला कार्बन डाय-ऑक्साइड वायु शोषून किंचित् आम्ल होतें आणि चुनखडी अशा पाण्यांत हळूहळू विरघळते. तडा रुंद होऊन त्याची नळी होते, नळीची गुहा होते. त्या पठारावर रेका नांवाची अख्खी नदी श्कोत्सियान येथील गुहेंत शिरून दिसेनाशी होते आणि सुमारें चाळीस किलोमीटर भूमिगत राहून समुद्राजवळ तिमावो या नांवानें पुन्हा वर येते. तेथें गुहा आणि झरा हीं एकाच पाण्याचीं कामें आहेत. आपल्या देशांतहि मेघालयांत चुनखडीच्या पोटांत तीस किलोमीटरांहून अधिक लांबीची गुहा मोजलेली आहे, आणि आंध्रांतील बोऱ्याच्या गुहा तर पुष्कळांनीं पाहिलेल्या असतील.

अकलोलीला मात्र चुनखडीचा मागमूस नाहीं. महाराष्ट्रांत ती पाहावयाची तर वणी-चंद्रपुराकडे जावें लागतें. सह्याद्रि आणि त्याच्या पायथ्याचें कोंकण घडलें तें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थरावर थर पसरलेल्या लाव्ह्यापासून. हा काळा दगड पाण्यांत चुनखडीसारखा विरघळत नाहीं. म्हणून येथें निसर्गानें कोरलेल्या लांब गुहा जवळजवळ नाहींत. कठीण थराखालचा मऊ थर झिजून कोठें एखादी कपार होते, इतकेंच. सह्याद्रीच्या बाजूस ज्या मोठ्या गुहा आहेत त्या माणसानें छिन्नीनें केलेल्या आहेत.

अकलोलीला जाणाऱ्या कुटुंबानें भिवंडी तालुक्यांतलेंच लोनाडचें लेणें अवश्य पाहावें. तें मूळचें बौद्ध असून आज तेथें खंडेश्वरी देवीची पूजा होते. एकाच भिंतीच्या आडोशाला श्रद्धा बदलत गेली, पण दगड तोच राहिला. मुंबईजवळच्या कान्हेरीला तर शंभराहून अधिक लेणीं आहेत, आणि त्यांच्या लगत खडकांत खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. तेथील शिलालेखांत अशा टाकीला ‘पोढी’ म्हटलें असून ती खोदविणाऱ्या दात्यांचीं नांवें आहेत. जेथें गुहा पाण्यानें केली तेथें झरा आपोआप मिळतो; जेथें ती माणसानें केली तेथें पावसाचें पाणी साठविण्याची सोयहि त्यालाच करावी लागली. कान्हेरीचे प्रवासी मूर्ति पाहून परततात आणि या टाक्यांकडे क्वचितच वळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

आतां प्रश्न राहतो तो असा, कीं जो दगड विरघळत नाहीं त्यांतून ऊन पाणी येतें कसें? गांवकऱ्यांची कथा अशी, कीं वज्रेश्वरी देवीनें येथें राक्षसांचा संहार केला आणि तें ऊन पाणी म्हणजे त्यांचें रक्त होय. शहरांतले शिकलेले लोक या कथेला हंसतात आणि लगेच सांगतात, कीं खालीं ज्वालामुखी आहे. हें दुसरें उत्तरहि पहिल्याइतकेंच निराधार आहे. येथें कोणताहि जिवंत ज्वालामुखी नाहीं. कोटि कोटि वर्षांपूर्वींचा लाव्हा कधींच थंड झाला. खरें कारण अधिक साधें आहे. कोंकणच्या कांठानें हे लाव्ह्याचे थर पश्चिमेकडे वांकलेले आहेत आणि त्यांना उभ्या भेगा पडलेल्या आहेत. पावसाचें कांहीं पाणी या भेगांतून खोल उतरतें. पृथ्वीच्या पोटांत दर किलोमीटरला सामान्यतः पंचवीस ते तीस अंश उष्णता वाढते. किलोमीटरभर, कदाचित् त्याहूनहि खोल गेलेलें पाणी तापतें, आणि एखाद्या मोकळ्या भेगेंतून तें लवकर वर आलें तर थंड होण्यापूर्वींच पृष्ठभागावर पोंचतें. अकलोलीच्या कुंडांतील उष्णता पन्नास अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते. पाणी किंचित् खारट लागतें, कारण इतक्या प्रवासांत त्यानें खडकांतले क्षार घेतलेले असतात. तें समुद्राचें आहे काय याविषयीं शास्त्रज्ञांनीं पुष्कळ वाद केला. पण पाण्यांतील अणूंची परीक्षा करतां मुख्य पुरवठा पावसाचाच ठरला आहे. मात्र तो पाऊस यंदाचा नव्हे. आज कुंडांत हात घालणाऱ्याच्या हाताला लागणारें पाणी पुष्कळ वर्षांपूर्वीं आकाशांतून पडलेलें असतें.

हीच माळ दक्षिणेकडे चालू राहते. शेजारचें गणेशपुरी, पालीजवळचें उन्हेरें, महाडजवळचें सव, रत्नागिरी जिल्ह्यांतील आरवली, तुरळ, राजवाडी, आणि शेवटीं राजापुराजवळचें उन्हाळें. या शेवटच्या गांवीं कोंकणचें सर्वांत विलक्षण पाणी आहे. राजापूरची गंगा म्हणून जीं चौदा कुंडें प्रसिद्ध आहेत, तीं बराच काळ कोरडीं असतात आणि साधारण तीन वर्षांनीं, पण नेमानें नव्हे, एकाएकीं भरून वाहूं लागतात. तेथें जांभा दगड आहे आणि तो पोकळ्यांनीं भरलेला असतो. जमिनीखालील पोकळी पाण्यानें भरत जाते आणि वांकड्या नळीच्या उंच टोंकापर्यंत पाणी चढलें कीं नळी तें एकदम ओढून काढते, असा त्याचा उलगडा देतात. चुनखडीच्या प्रदेशांतहि असे थांबून थांबून वाहणारे झरे असतात. तेव्हां कोंकणांत कार्स्टचा सख्खा नव्हे तरी चुलत भाऊ शोधावयाचा तर तो राजापुरास सांपडेल.

अकलोलीस येणाऱ्याची पहिली पायरी बहुधा वज्रेश्वरीची असते. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत चिमाजीअप्पांनीं देवीला नवस केला आणि विजयानंतर हें देऊळ उभें राहिलें. त्याला किल्ल्यासारखा तट आहे. चैत्री अमावास्येला मोठी यात्रा भरते. गणेशपुरीला नित्यानंद स्वामी राहिले आणि १९६१ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला, त्यामुळें तिकडेहि गर्दी असते. अकलोलीचीं कुंडें रामेश्वराच्या देवळापाशीं आणि नदीच्या कांठीं आहेत.

येणाऱ्यांतले पुष्कळजण दुखणें घेऊन येतात. उष्ण पाण्यानें आंखडलेले सांधे मोकळे होतात आणि दुखरे स्नायू सैल पडतात, यांत शंका नाहीं. पण त्याहून मोठा दावा या पाण्याच्या माथीं मारूं नये. कुष्ठरोग येथें बरा होतो ही जुनी समजूत अद्याप ऐकूं येते. हा रोग संयुक्त औषधोपचारानें पूर्ण बरा होतो, आणि ही पद्धति जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालींच सुचविली. कुंडाच्या भरंवशावर महिनोन्महिने औषध लांबविणाऱ्या घरांत बोटें आणि डोळे गमावण्याची पाळी येते. भक्तीनें स्नान करावें, औषध मात्र चालू ठेवावें. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनीं आणि गर्भवती स्त्रियांनीं फार उष्ण कुंडांत बसूं नये. लहान मुलांना आधीं पाण्याची उष्णता हातानें पाहिल्यावांचून उतरवूं नये, आणि कोणीहि डोकें बुडवून नाकांत पाणी घेऊं नये.

दुसरी काळजी कुंडाचीच आहे. साबण, शांपू, फुलें आणि प्लॅस्टिक यांनीं कुंड घाण होतें हें सर्वांना दिसतें. न दिसणारी गोष्ट ही, कीं झऱ्याची वाट अरुंद भेगेंतून आहे. सोयीसाठीं तोंडावर सिमेंट ओतलें तर पाणी दुसरी वाट शोधतें. विश्रामगृहांसाठीं जवळच खोल विंधणविहीर घेतली, तर जें पाणी वर्षानुवर्षें खोल हिंडून आलें तें पंपानें वाटेंतच उपसलें जाऊन कुंड कोमट पडण्याचा वा आटण्याचा संभव असतो. अशी विहीर घेण्यापूर्वीं भूजलतज्ज्ञाला विचारणें हें ग्रामपंचायतीला आणि विश्रामगृहाच्या मालकाला फारसें खर्चाचें काम नव्हे.

जाण्यास हिवाळा उत्तम. पावसाळ्यांत नदीला पूर आला कीं पात्राजवळचीं कुंडें तांबड्या पाण्याखालीं जातात, आणि त्या दिवसांत नदीकांठीं उतरणें जिवावर बेतूं शकतें. पौष-माघांत पहाटेच गेलें, तर थंड हवेंत कुंडावर वाफ तरंगतांना दिसते. सूर्य वर आल्यावर ती दिसेनाशी होते, परंतु पाणी तितकेंच ऊन असतें.